मनकर्णेनं लुगडं घेतलं नाही

मनकर्णेला कळलं होतं का, हा प्रश्न गेले काही दिवस माझी पाठ सोडत नाही. कौशल्येची पहिली दोन लेकरं कशानं गेली, हे तिला कळलं होतं का? आणि कळलं असेल, तर ते पोटात ठेवून ती पुढची वर्षं कशी जगली असेल? बाईला जाऊन शंभरावर वर्षं झाली. आता तिची काळजी करून काय होणार, असं मी स्वतःला बजावते आणि पुन्हा तिथंच येऊन बसते. नऊ दिवसांपूर्वी अकोल्याला माझ्या मुलीला, चारुशीलाला, मुलगी झाली. हे सगळं तेव्हापासूनचं.

मनकर्णा आमच्या नात्यातली नव्हे. कौशल्या आमच्या घरची, माझ्या पणजोबांची आजी. तिनं म्हातारपणी ही हकिकत नातसुनेला सांगितली, नातसुनेनं पुढं आपल्या नातीला, म्हणजे माझ्या माणिकआत्याला, आणि आत्यानं मला. तीन बायकांच्या तोंडून आलेली गोष्ट आहे. कुठं झिजली, कुठं फुगली, सांगता येत नाही. जिथं माझा नुसता अंदाज आहे, तिथं तसं लिहीन.

तिवश्याजवळच्या आमच्या गावात मनकर्णा राहायची. नवरा शालिकराम लग्नानंतर चार वर्षांत पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी गावाच्या कडेला एक झोपडी बांधून दिली आणि हात झटकले. तिनं सालईवर पोट भरलं. सालई हे मेळघाटच्या डोंगरातलं झाड. त्याच्या बुंध्यावर घाव घातला की मधाच्या रंगाचा डिंक पाझरतो. वाळला की खडे होतात, आणि निखाऱ्यावर टाकले की देवळात शिरल्यासारखा वास सुटतो. कोरकू लोक तो टोपल्यांतून खाली आणायचे आणि हातोहात तो अमरावतीच्या बाजारात पोचायचा. मनकर्णा कापसाच्या गाडीवर मागं पाय सोडून बसायची आणि अमरावतीला जाऊन डिंक घेऊन यायची. घेताना प्रत्येक ढिगातला एक खडा दाताखाली धरायची. मऊ होऊन दाताला चिकटला तर माल चांगला. तोंडात विरघळला तर त्यात बाभळीचा डिंक मिसळलेला.

"बाई, सारा माल इथंच खाऊन जाता का?" दुकानदार विचारायचा.

"खाल्ल्याबिगर तुया मायले बी बाभूळ कोनती अन् सालई कोनती, वळखू येनार नाई," ती म्हणायची आणि दुसऱ्या ढिगात हात घालायची.

हा डिंक ती गरम पाण्यात मऊ करायची, फडक्यातून पिळून साल-माती काढायची आणि सुंठीबरोबर वाटून त्याचा लेप करायची. गुडघे, कंबर, मुरगळलेला पाय, सगळ्यांना तोच. काळ्या मातीनं भेगाळलेल्या टाचांना तिळाच्या तेलात शिजवलेली राळ. तिच्या नखांत कायम डिंक असायचा आणि लुगड्याला वास. ती गल्लीच्या तोंडाशी आली की मनकर्णा आली हे घरात बसून कळायचं, असं कौशल्या सांगायची.

पण तिचं खरं नाव होतं ते बाळंतिणीच्या धुरीसाठी. वऱ्हाडात तेव्हा बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, बिनखिडकीची. दाराला घोंगडी. बाजेखाली मातीची शेगडी, तीत गोवऱ्यांचे निखारे. त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं आणि सालईचे खडे. सकाळी न्हाणं झालं की धुरी, दिवेलागणीला पुन्हा. आधी आई बाजेवर पांघरून बसायची, मग लेकराला दोन हातांवर धरून धुरावरून फिरवायचे. वारा लागू नये, अंग भरून यावं, लेकराचं पोट धरू नये, म्हणून. धूर खोलीतच राहावा यासाठी घोंगडीच्या कडा दगडांनी दाबायचे. हे काम मनकर्णेसारखं कुणाला जमत नाही, असं आजूबाजूच्या पाचसहा गावांत मानायचे.

कौशल्येचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी. सोळाव्या वर्षी सासरीच तिला पहिली मुलगी झाली; धुरी मनकर्णेची. पंधराव्या दिवशी गेली. शेवटचे चार दिवस खोकत होती, दूध ओढायला दम पुरत नव्हता. बायका म्हणाल्या, अंगात ऊब कमी पडली. मनकर्णेलाही तसंच वाटलं असणार, कारण पुढच्या खेपेला, मुलगा झाला तेव्हा, तिनं धुरी दोनाची तीन वेळा केली आणि मूठभर खडे जास्त टाकले. मुलगा अकराव्या दिवशी गेला.

इथंच माझं मन अडतं. तिनं हयगय केली असती तर मला तिचा राग तरी आला असता. तिनं जीव तोडून केलं.

मग ती कापसाची वर्षं आली. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. ज्यांनी आयुष्यात कधी अमरावतीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं ते लढाईच्या बातम्या विचारू लागले. लढाई थांबू नये म्हणून नवस बोलणारेही होते म्हणे. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस पेरला. हमालांचे खांदे गाठी वाहून सुजायचे, आणि मनकर्णेच्या लेपाला कधी नव्हती एवढी मागणी आली. तेवढे दिवस तीही बऱ्यापैकी जेवली असेल.

आमच्या घरचे कर्ते होते कौशल्येचे सासरे, खुशालराव. त्यांचा हिशोब साधा होता: आज विकला तो कापूस उद्याच्या भावाला मुकला. त्यामुळं ते विकेनात. कोठी भरली. मग माजघर, मग देवाची खोली. देव एका कोनाड्यात सरकवले. शेवटी बाळंतिणीची खोलीही आढ्यापर्यंत कापसानं भरली. कौशल्येला तेव्हा आठवा महिना होता. नवरा दुसऱ्यांचा कापूस गाड्यांवर घेऊन अमरावतीला. महिना आहे अजून, तोवर भाव गाठू, असं खुशालराव म्हणाले. कौशल्या महिनाभर आधीच बाळंत झाली. माजघरात, कापसाच्या ढिगांमधल्या वाटेवर, दिवसाउजेडी. मुलगा झाला. मूठभर, पण रडला.

मनकर्णा शेगडी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"इतं मी इस्तू पेटवत नाई," ती म्हणाली. "एक ठिनगी उडाली तं घर जाईन, गाव जाईन."

कौशल्येची सासू पार्वताबाई नवऱ्याकडं वळली. "आयकलं का? खोली मोकळी करा."

"कापूस नाई हालनार," खुशालराव म्हणाले. "ठेवू कुठं? आभायाखाली? दव पडून राह्यलं रोज."

"अवो, घरात बायंतपन कोनाचं हाय? सुनेचं का कापसाचं?"

"दोन हप्त्यांची गोष्ट हाय. भाव चढून राह्यला."

"दोन लेकरं गेली या घरातून. तिसरं धुरीबिगर ठेवू म्हनता?"

खुशालरावांनी मागच्या दाराकडं हात केला. मग म्हणाले, "मागच्या पडवीत न्या तिले. गोठ्याच्या आंगानं. तिथं काय धुरी, होम, जे कराचं ते करा. माया कापसाजवळ इस्तू आनू नका."

आमच्या घरात ही गोष्ट नेहमी इथपर्यंत सांगितली जायची आणि सगळे हसायचे. कापसासाठी सुनेला गोठ्यात टाकणारे खुशालराव. माझे वडील लग्नकार्यात रंगवून सांगायचे. पुढचं फक्त आत्या सांगायची, तेही विचारलं तर.

पडवीला तीन बाजू मोकळ्या. एका बाजूला पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काटक्यांचा, कूड उभा केला, बाज टाकली, शेगडी पेटवली. धूर वर गेला आणि वाऱ्याबरोबर बैलांकडं निघून गेला. मनकर्णेनं आणखी खडे टाकले. तोही गेला. तिला फार ओशाळल्यासारखं झालं. "ही काय धुरी झाली?" म्हणत ती चरफडत राहिली. असे सहा दिवस गेले. पोरगं दूध पीत होतं, झोपत होतं. पण उघड्यावर बाळंतीण ठेवली म्हणून शेजारच्या बायका बोलू लागल्या, आणि बोल मनकर्णेला लागत होता. सातव्या दिवशी तिनं घरोघरी फिरून घोंगड्या मागून आणल्या. आढ्याला दोऱ्या बांधल्या, चारी बाजूंनी घोंगड्या सोडल्या, खाली दगड ठेवले. पडवीत एक अंधारी खोली उभी राहिली. मग तिनं समाधानानं शेगडी आत घेतली.

"आता लागन अंगाले," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी पोराला पहिला खोकला आला.

कौशल्येनं तो आवाज ओळखला. दोनदा ऐकलेला आवाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुरीत मनकर्णा लेकराला हातांवर घेऊन धुरावर धरणार, तेवढ्यात ही बाजेवरून उतरली. आठ दिवसांची बाळंतीण. पायानं दगड सारला, घोंगडी उचलली आणि पोराला मनकर्णेच्या हातांतून ओढून घेऊन बाहेर गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली.

पार्वताबाई धावत आली. "कौशल्ये! काय करून राहिली व? वारा लागन ना!"

"लागू द्या."

"येडी झाली का?"

"आत्याबाई, तुमी आयका. बाहेर खोकत नाई थो. आत गेला का खोकते."

"थोडासा ठसका लागते धुरानं. सगळ्याच लेकराले लागते."

"माया दोघायले बी लागला व्हता," कौशल्या म्हणाली.

मनकर्णा घोंगडीच्या आत बसून होती. तिनं हे ऐकलं. ती बाहेर आली नाही. कौशल्येच्या सांगण्याप्रमाणं ती किती तरी वेळ तशीच बसली, निखारे विझून राख होईपर्यंत. मग उठली आणि एकेक घोंगडी सोडवून घडी करून ठेवू लागली.

"हे काय?" पार्वताबाईनं विचारलं.

"आईले देतो मी धुरी. कमरेले, पायाले. उघड्यावर. लेकराले नाई द्याची. धुरी चालू असली का लेकरू अंगनाच्या पल्याड, कोनाजवळ तरी."

"काहून?"

"मी म्हनतो म्हून."

"काल तं तूच घोंगड्या मागत गाव फिरली! आज मोठी वैद्यीन लागून गेली का?"

मनकर्णेनं शेवटची घोंगडी घडी करून बाकीच्यांवर ठेवली. पुढचे चार दिवस तिनं सांगितलं तसंच केलं. धुरीच्या वेळी पार्वताबाई पोराला घेऊन विहिरीजवळच्या लिंबाखाली बसायची, तोंडानं मनकर्णेला शिव्या देत. खोकला दोन दिवस राहिला, मग उतरला. अकरावा दिवस गेला. कौशल्या त्या दिवशी जेवली नाही, नुसती पोराच्या छातीवर हात ठेवून बसली होती. बारावा उजाडला. बारसं झालं, चंद्रभान नाव ठेवलं. तो पुढं सत्तर वर्षं जगला. माझ्या पणजोबांचे ते वडील.

बारशाला धुरीवालीला लुगडं-चोळी द्यायची रीत होती. कापसाच्या वर्षातलं लुगडं. खुशालरावांनी अमरावतीहून चांगलं काठाचं मागवलं होतं. मनकर्णा विधवा, तिला कुंकू लावता येत नव्हतं, म्हणून पार्वताबाईनं तिच्या हातावर नुसतं लुगडं ठेवलं. मनकर्णेनं ते शेजारच्या पाटावर ठेवलं आणि उठली.

"काहून व? काठ नाई आवडला?"

"आवडला."

"मंग?"

"नाई घेत मी. या घरातून नाई."

ती निघून गेली. माजली, असं सगळ्यांनी ठरवलं. कापसानं हमालांचा पैसा तिच्या हाती खेळतो, आता लुगड्याची काय किंमत. आमच्या घरात तिचं नाव त्यानंतर असंच निघायचं: लुगडं नाकारणारी मनकर्णा. कौशल्याही तसंच समजायची की नाही, हे आत्याला माहीत नव्हतं. मी दोनतीनदा विचारलं होतं.

दोन वर्षांत लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव बसला. खुशालरावांचा तो कापूस, ज्यासाठी एवढं केलं, निम्म्याहून कमी भावानं गेला. खोल्या रिकाम्या झाल्या. देव परत आले. धाकट्या सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा आतली खोली झाडून, सारवून तयार होती. मनकर्णेला बोलावणं गेलं. ती आली, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"लेकरू बाहेर न्या. मंग मी आत येतो."

पार्वताबाईनं कारण विचारलं. तिनं याही वेळी सांगितलं नाही. पार्वताबाईनं दुसऱ्या गावची बाई आणली. हळूहळू बाकीच्या घरांनीही तेच केलं. धुरी बंद झाली नाही, फक्त मनकर्णा बंद झाली. म्हातारपणी ती अमरावतीला गेली आणि बाजाराच्या कडेला बसून हमालांना लेप लावून देत असे. चंद्रभान मोठा झाल्यावर कापसाच्या गाड्यांबरोबर जायचा तेव्हा तिला तिथं पाहायचा. ती त्याला जवळ बोलवायची नाही. एकदा तोच जाऊन म्हणाला, मी कौशल्याबाईचा पोरगा. ती म्हणाली, "ठाव हाय," आणि लेप घोटत राहिली. तिचं मरण कधी, कुठं, हे कुणाला माहीत नाही.

तर, तिला कळलं होतं का? मला वाटतं, त्या घोंगडीच्या आत निखारे विझेपर्यंत बसली तेव्हाच कळलं. लुगडं त्यामुळंच घेतलं नाही. पण तिनं तोंडानं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे ती दोन लेकरं माझ्या हातून गेली, असं म्हणावं लागलं असतं, आणि ते पार्वताबाईपुढं, कौशल्येपुढं. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं का, कुणास ठाऊक. तिनं कारण सांगितलं नाही म्हणून आमच्या घरात तिची रीत राहिली नाही, नुसता किस्सा राहिला. धुरी तशीच चालत आली. मला दिली, माझ्या वेळी माझ्या दोन्ही मुलांना दिली. मी विज्ञान शिकलेली. वर्गात श्वसनसंस्थेची आकृती काढून पाठ केलेली. आत्याकडून ही गोष्ट किमान दहादा ऐकलेली. आणि तरी दोन्ही गोष्टी डोक्याच्या दोन खोल्यांत वेगवेगळ्या पडून होत्या.

चारुशीलाच्या सासूबाई, अनसूयाबाई, मूळच्या वऱ्हाडाबाहेरच्या आणि फार प्रेमळ. बाळंतपण तिकडंच करायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मला म्हणाल्या, तुमच्या वऱ्हाडी धुरीचं सामान पाठवा, आमच्याकडं ती पद्धत कुणाला नीट येत नाही. मला इतका अभिमान वाटला. अमरावतीत चार दुकानं फिरले, खरी सालई शोधली, ओवा-शेपा निवडून सात पुड्या केल्या. वर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं: दार-खिडक्या लावून घ्याव्यात, धूर बाहेर जाऊ देऊ नये. दोन्ही वेळा. आईला आणि बाळाला.

आज संध्याकाळी चारुशीला फोनवर बोलत होती. मागं बाळ खोकलं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आई, धुरीचा ठसका. कालपासून येतोय. सगळ्यांना येतो म्हणतात सासूबाई." मी बरं म्हटलं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, आणि भाजी निवडायला बसले.

 सकाळी सांगू, असं मघाशी ठरवलं होतं. चांगल्या शब्दांत, अनसूयाबाईंना वाईट न वाटता, डॉक्टर नको म्हणतात असं काहीतरी. पण त्या पाचला उठतात, आणि सातला पहिली धुरी. शिवाय डॉक्टरांचं नाव पुढं करून मी माझ्या अक्षरातली ती चिठ्ठी लपवणार, हे मला कळतंय. नऊ दिवसांचं मूल दोन दिवस खोकतंय, त्याला सकाळपर्यंत ठेवण्यात माझं काय चाललंय?

पावणेबारा झालेत. चारुशीलाला नाही लावत, तिला सासूला सांगायला जड जाईल. अनसूयाबाईंनाच लावते. झोपल्या असल्या तर उठतील. सामान मी पाठवलं, चिठ्ठी मी लिहिली, चूक माझी आहे. आत्ता खिडकी उघडा, शेगडी विझवा आणि बाळाला आत्ताच दवाखान्यात न्या, मी पहिल्या गाडीनं येते. एवढंच सांगायचं. त्यांनी काहून विचारलं, तर मनकर्णेनं न सांगितलेलं सगळं सांगायचं.

नंबर काढलाय. लावते.